विनिपेगचे तीन आकडे

मुंबईच्या टेलिफोन खात्यात मी ट्रंक कॉल जोडत असे. साधा, अर्जंट आणि लायटनिंग असे तीन दर होते, आणि लायटनिंगचे पैसे ऐकले की भलेभले "राहू द्या, साधाच लावा" म्हणत. १९७४ साली नवऱ्याच्या नोकरीमागे मी कॅनडात विनिपेगला आले, तेव्हा हातात तेवढंच कसब होतं. इथल्या टेलिफोन कंपनीला ते चाललं. त्यामुळे या शहराचा इतिहास मला पुस्तकांच्या आधी जेवणाच्या सुट्टीत कळला, निवृत्तीला टेकलेल्या बायकांच्या तोंडून. पोलिसांचा विषय निघाला की त्या अजून "ट्रिपल नाइन" म्हणायच्या. नंबर बदलून ९११ झालेला होता, पण तोंडाची सवय जात नव्हती.

त्या बायकांना या ९९९चा अभिमान होता आणि तो खोटा नव्हता. पोलिस, आग, अँब्युलन्स, सगळ्यांसाठी एकच नंबर ठेवणारं उत्तर अमेरिकेतलं पहिलं शहर विनिपेग. साल १९५९. न्यूयॉर्क, शिकागो, टोरंटो सगळी मागे राहिली आणि गव्हाच्या मैदानातलं, हिवाळ्यात उणे तीसला गोठणारं हे शहर पुढे गेलं.

पण माणूस आणि पोलिस यांच्यातल्या बोलण्याची गोष्ट त्याहून जुनी आहे, आणि तिची सुरुवात जरा विनोदी आहे. विनिपेगचं पोलिस खातं १८७४ चं. पहिला प्रमुख जॉन इन्ग्रॅम. वर्ष-दीड वर्षातच त्याच्याच शिपायांनी त्याला कुंटणखान्यात गाठलं आणि त्याची नोकरी गेली. पुढे १८८५ मध्ये कॅलगरीने त्यालाच आपला पहिला पोलिसप्रमुख नेमलं. पश्चिमेकडे माणसांची टंचाई होती, एवढंच मी म्हणेन. त्या काळात पोलिसाला बोलवायचं म्हणजे चौकीपर्यंत धावत जायचं, नाहीतर गस्तीचा शिपाई दिसेपर्यंत ओरडायचं.

मग टेलिफोन आला. १९०८ साली मॅनिटोबा या इथल्या प्रांताच्या सरकारने बेल कंपनीकडून प्रांतातलं जाळं विकत घेतलं आणि टेलिफोन सरकारी झाला. एक्स्चेंजमध्ये बायका बसल्या. त्यांना लोक "हॅलो गर्ल्स" म्हणत. आता घरातून पोलिस बोलावता येत होता, मात्र मध्ये एक बाई होती. तिने दोरी उचलून योग्य भोकात खुपसली तर पोलिस येणार.

या बाईचं महत्त्व शहराला १९१९ मध्ये कळलं. पहिलं महायुद्ध संपून परतलेले सैनिक, भडकलेली महागाई, धातूकामाच्या आणि बांधकामाच्या मजुरांना मालक दाद देईनात. १५ मे रोजी सकाळी अकराला सार्वत्रिक संप सुरू व्हायचा ठरला होता. सात वाजताच रात्रपाळीच्या ऑपरेटर उठून गेल्या आणि दिवसपाळीच्या आल्याच नाहीत. जवळजवळ पाचशे बायका. पुढे तीस हजारांच्या आसपास माणसं संपावर गेली, पण पहिलं पाऊल या बायकांचं. चार तास आधी! आमच्या जेवणाच्या टेबलावर ही गोष्ट अशी सांगितली जाई की जणू सांगणारी स्वतः तिथे होती. असणं शक्य नव्हतं. तिची मावशी होती.

पोलिसांनीही संपाच्या बाजूने मत दिलं होतं. पण शहरात पोलिस नसले तर सैन्य आणायला सरकारला निमित्त मिळेल, हे ओळखून संपसमितीनेच त्यांना कामावर राहायची विनंती केली आणि ते राहिले. ही गोष्ट मला फार मोठी वाटते. शिपाई संपकऱ्यांच्या गल्लीतच राहत होता, त्याच दुकानातून उधारीवर पीठ नेत होता. त्याला लोकांशी बोलायला नंबर लागत नव्हता. नगरपालिकेला नेमकं हेच खुपलं. युनियनमध्ये राहणार नाही, सहानुभूतीचा संप करणार नाही, अशा हमीपत्रावर सही करा, असा हुकूम निघाला. जवळपास अख्ख्या खात्याने नकार दिला आणि ९ जूनला सगळ्यांना घरी पाठवण्यात आलं. त्यांच्या जागी रोजावर "स्पेशल" शिपाई भरले, हाती दंडुके देऊन. २१ जूनच्या शनिवारी घोडेस्वार पोलिसांनी जमावावर घोडे घातले, गोळ्या झाडल्या. दोन माणसं मेली. तो दिवस इथे अजून "ब्लडी सॅटरडे" म्हणून ओळखला जातो.

पोलिसाला फोन करायचा तर जोडणारी बाई हवी आणि उचलणारा ओळखीचा शिपाई हवा. त्या उन्हाळ्यात शहराने दोघांचाही भरवसा गमावला. त्यानंतर खातं पुन्हा उभं राहिलं, पण नॉर्थ एंडच्या म्हणजे रेल्वे यार्डापलीकडच्या युक्रेनियन, पोलिश, ज्यू वस्तीतल्या जुन्या माणसांच्या बोलण्यात पोलिसांबद्दलचा एक तिढा मी सत्तरच्या दशकातही ऐकला आहे.

९९९ आणणारा महापौर याच जातकुळीचा होता, हे मला योग्यच वाटतं. स्टीफन जूबा, युक्रेनियन स्थलांतरितांचा मुलगा. इंग्रज-स्कॉटिश मंडळींच्या हातातलं महापौरपद त्याने घेतलं आणि १९५७ पासून वीस वर्षं सोडलं नाही. मी आले तेव्हाही तोच होता. त्याच्या राजकारणाबद्दल लोक दोन्ही बाजूंनी तावातावाने बोलत. १९७७ साली ऐन वेळी अर्ज मागे घेऊन त्याने सगळ्यांना तोंडघशी पाडलं, ते वेगळंच.

९९९ ही कल्पना लंडनची. १९३५ च्या नोव्हेंबरात तिथे विम्पोल स्ट्रीटवर एका घराला आग लागली. समोरच्या माणसाने फोन उचलला, तर एक्स्चेंजकडे इतर फोनांची रांग आणि याचा फोन त्या रांगेत. पाच बायका जळून मेल्या. त्याने 'टाइम्स'ला संतापून पत्र लिहिलं, चौकशी बसली आणि ३० जून १९३७ ला लंडनमध्ये ९९९ सुरू झालं. तो फिरवला की एक्स्चेंजमध्ये घंटा वाजे, लाल दिवा लागे. आकडाही विचार करून निवडलेला. तारा वाऱ्याने एकमेकींना चिकटल्या तर १११ आपोआप लागू शके. शिवाय नऊचं भोक तबकडीवर शून्याच्या शेजारी, धुरात किंवा अंधारात चाचपून सापडणारं.

विनिपेगमध्ये याची गरज दुहेरी होती. त्या वेळचं "विनिपेग" म्हणजे एक शहर नव्हतंच. सेंट बॉनिफेस, सेंट जेम्स, सेंट व्हायटल, फोर्ट गॅरी, ट्रान्सकोना, चार-चार किल्डोनन. प्रत्येकाची नगरपालिका वेगळी, पोलिस वेगळे. सेंट बॉनिफेसमध्ये तर बोलणंही फ्रेंच. घाबरलेला माणूस शून्य फिरवून "पोलिस!" एवढंच ओरडे. मग ऑपरेटर विचारी, कुठली नगरपालिका? रस्त्याच्या या बाजूची की त्या? जुन्या बायकांना हद्दी पाठ असत. एकजण तर हद्दीवरच्या रस्त्यांची घरं सम आणि विषम आकड्यांनी सांगायची. पुढे १ जानेवारी १९७२ ला या सगळ्यांचं एक शहर झालं आणि १९७४ मध्ये पोलिस खातीही एकत्र आली.

दरम्यान १९६८ मध्ये अमेरिकेत अलाबामातल्या हेलीव्हिल गावात पहिला ९११ फोन झाला. सीमेपलीकडचा शेजारी एवढा मोठा, की सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला विनिपेगनेही आपलं ९९९ सोडून ९११ घेतलं. पहिलेपणाची खूण त्यात पुसली गेली.

नंबर आला आणि आमच्यासारख्या साध्या ऑपरेटरच्या कानावरून शहराची बोंब निघून वेगळ्या खोलीत गेली. हे चांगलंच झालं. आमच्यातल्या काही जणी आवाजावरून माणसाची जात ठरवायच्या: हा दारूडा, ही भांडकुदळ, हा रिझर्व्हवरून, म्हणजे आदिवासींच्या राखीव वस्तीतून, आलेला. तो दोष खोली बदलून जाणारा नव्हता.

९ मार्च १९८८ ला पहाटेच्या अंधारात लोगन अव्हेन्यूवरून जे. जे. हार्पर पायी घरी निघाले होते. ते आयलंड लेक भागातल्या आदिवासी जमातींच्या परिषदेचे प्रमुख अधिकारी. पोलिस गाडीचोर शोधत होते. तो तोवर सापडलाही होता. तरी एका शिपायाने हार्परना अडवून ओळखपत्र मागितलं. त्यांनी नाकारलं. झटापटीत पिस्तूल सुटलं आणि हार्पर मेले. खात्याने दोन दिवसांच्या आत शिपायाला निर्दोष ठरवलं. मग प्रांताने मोठा चौकशी आयोग नेमला: न्यायमूर्ती हॅमिल्टन आणि मॅनिटोबातले पहिले आदिवासी न्यायाधीश मरे सिंक्लेअर. १९९१ च्या अहवालात त्यांनी पोलिसांच्या तपासाची सालं काढली. लोक पोलिसांना बोलावतात तेव्हा काय होतं, एवढ्यावरच या गोष्टीचा हिशेब होत नाही. पोलिस आपणहून कोणाला हाक मारतात आणि कशी, हेही त्यात येतं.

आणि फेब्रुवारी २०००. दोन मेटिस, म्हणजे आदिवासी-युरोपीय मिश्र वंशाच्या, बहिणींनी एका रात्रीत, सुमारे आठ तासांत, ९११ला पाच वेळा फोन केला. शेवटी दोघी मृत सापडल्या. उत्तर अमेरिकेला एका नंबरचा धडा देणाऱ्या शहरात. फोनांचं ध्वनिमुद्रण होतं, त्यामुळे कोण काय म्हणालं हे नंतरच्या चौकशीत उघड झालं. मी तेव्हा नोकरीत नव्हते, पण आमच्या जुन्या बायकांचा गट महिन्याभराने भेटला तेव्हा कोणी "ट्रिपल नाइन"चं नाव काढलं नाही.

मॅनिटोबाने १९९८ मध्ये स्वतःच्या शिफारशीने माणसं आणायची योजना सुरू केल्यापासून इथे मराठी घरंही वाढली. नव्या सुना विचारतात, ९११वर हिंदी चालतं का? मी सांगते, भाषेचं नाव इंग्रजीत सांगायचं, दुभाषी जोडून देतात. पण पत्ता आधी, आणि स्ट्रीट की अव्हेन्यू ते नीट. एका खेळकर नातवाने फोन लावून ठेवून दिल्याचं ऐकलं, तेव्हा हेही सांगितलं की चुकून लागला तर ठेवायचा नाही, चुकून लागला असं बोलायचं. ठेवलात तर ते परत करतात, उचलला नाहीत तर दारात गाडी येऊ शकते.

नागपूरहून आलेल्या एक आजी मन लावून ऐकत होत्या. म्हणाल्या, "आणि आले तर चहा द्यायचा का?"

मी म्हटलं, द्या की. पण ड्यूटीवर आहोत म्हणतील.