वाडगा लहान का?

हाँगकाँगच्या सेंट्रल भागात वेलिंग्टन स्ट्रीटवर वॉन्टन नूडल्सची दोन प्रसिद्ध दुकाने जवळजवळ समोरासमोर आहेत. एक ‘मॅक्स नूडल’, दुसरे ‘चिम चाय की’. पहिल्यातला वाडगा ओंजळीत मावेल एवढा. पाचसात घासांत तळ दिसतो. दुसऱ्यातला वाडगा मोठा, त्यातले वॉन्टन मोठे, आणि पैसे मात्र कमी. माझ्यासारखा हौशी खवय्या, ज्याला परदेशात प्रत्येक पदार्थाचे मनातल्या मनात रुपये करायची खोड आहे, तो साहजिकच दुसऱ्या दुकानात शिरतो. मीही शिरलो, आणि पोटभर जेवलो. पण समोरच्या छोट्या वाडग्यासाठी जास्त पैसे मोजून माणसे रांगेत का उभी राहतात, हे कोडे काही सुटेना. त्याचा माग काढत गेलो, तेव्हा लक्षात आले की वाडग्याच्या आकारातच त्या पदार्थाचा बराचसा इतिहास साठलेला आहे.

वॉन्टन मूळचा उत्तर चीनचा. तिकडे त्याला हुन्तुन म्हणतात. दक्षिणेत कँटनला, म्हणजे आजच्या ग्वांगझौला, आल्यावर त्याचा उच्चार बदलला आणि तो लिहायची अक्षरेही बदलली. तिथे ‘ढग’ आणि ‘गिळणे’ अशी दोन सोपी अक्षरे रूढ झाली. पातळ पारी रश्शात तरंगताना पाहिली की हे नाव पटते. कँटनमध्ये पहिले दुकान तुंगझी बादशहाच्या काळात (१८६१–७५) हुनान प्रांतातल्या एका माणसाने काढले, अशी कथा सांगतात. एखाद्या पदार्थाचे ‘पहिले दुकान’ लोकांना इतके नेमके आठवत असले की मला जरा शंकाच येते. शंका घ्यायला जागा नाही ती फेरीवाल्यांबद्दल. कँटनच्या गल्ल्यांतून रात्री वॉन्टनवाला खांद्यावर कावड घेऊन फिरे. एका बाजूला चूल आणि रश्श्याचे भांडे, दुसऱ्या बाजूला नूडल्स, वॉन्टन, वाडगे. तोंडाने आरोळी न देता तो बांबूचे तुकडे एकमेकांवर ठोकी. त्या ठकठक आवाजाने लोकांना कळे की तो आला.

हे जेवण नव्हते. दोन जेवणांमधले किंवा रात्री उशिराचे खाणे होते. लहान वाडग्याला कँटनी भाषेत ‘साय युंग’ असे खास नाव आहे, आणि जुने लोक अजून त्याच नावाने मागवतात. कावडीवर किती ओझे वाहता येईल याचाही वाडग्याच्या मापाशी संबंध असावा, असा माझा तर्क आहे. पण खरे कारण नूडल्समध्येच आहे.

या नूडल्सच्या पिठात बदकाची अंडी घालतात, पाणी जवळजवळ नाहीच, आणि वर क्षाराचे पाणी. हा क्षार म्हणजे आपल्या पापडखाराचा जवळचा नातलग. त्यानेच पिठाला पिवळी झाक आणि चिवटपणा येतो. एवढा घट्ट गोळा हातांनी मळणे अशक्य. म्हणून जाड बांबूचे एक टोक भिंतीशी अडकवतात, दुसऱ्या टोकावर माणूस बसतो, आणि एका पायाने उसळ्या घेत गोळा दाबत जातो. पापडाचे पीठ कुटताना पाहिलेल्यांना त्या कष्टांची कल्पना येईल. बांबूच्या दांड्याला कँटनीत जो शब्द आहे, त्याचा उच्चार ‘उतरणे’ या अर्थाच्या शब्दासारखा होतो. धंद्यात उतार कोणाला हवा? म्हणून त्या दांड्याला ‘चढता बांबू’ म्हणायचे. आपल्याकडे दिवा विझवत नाहीत, शांत करतात, तसेच.

या नूडल्स उकळत्या पाण्यात काही सेकंदच शिजवतात. लगेच गार पाण्यातून काढतात, म्हणजे क्षाराचा उग्रपणा जातो, आणि पुन्हा गरम पाण्यात बुडवून वाडग्यात घालतात. वाडग्यात तळाला चमचा, त्यावर वॉन्टन, त्यावर नूडल्स. हा क्रम मुद्दाम ठरवलेला आहे, कारण नूडल्स रश्श्यात बुडून राहिल्या तर फुगतात आणि कुरकुरीत चावा जातो. मोठा वाडगा भरला तर शेवटचे घास लगद्याचे होणार. म्हणून लहान वाडगा, पटापट खाऊन संपवायचा. भूक राहिली तर दुसरा मागवायचा. रश्श्याला खरी चव येते ती सुकवून भाजलेल्या चपट्या माशाने. आपल्या कोकणातल्या लेपीसारखा तो मासा. वरून अंधारात वाढवलेली पिवळी पात.

हा पदार्थ हाँगकाँगचा झाला तो युद्धाने. १९४५ साली शहराची वस्ती सहा लाखांच्या आसपास होती. १९५० पर्यंत ती बावीस लाखांवर गेली. चीनमधल्या यादवीपासून पळून आलेल्यांत कँटनचे आचारीही होते. मॅक घराण्याचे कसब कँटनहूनच आलेले. वान चायमधली ‘हो हुंग की’ १९४६ची. तिला पुढे मिशेलिनचा तारा मिळाला. सरकारने युद्धात मेलेल्या वा जखमी झालेल्या सरकारी नोकरांच्या कुटुंबांना रस्त्यावर खाद्यपदार्थ विकायचे परवाने दिले. परवान्याचा कागद मोठा होता, म्हणून त्या ठेल्यांना ‘मोठ्या पाटीचे ठेले’ म्हणू लागले, म्हणजेच दाय पाय दोंग. डिसेंबर १९५३मध्ये शेक किप मे इथल्या झोपड्यांना आग लागून पन्नास हजारांहून अधिक निर्वासित एका रात्रीत उघड्यावर आले. अमेरिकेतून मदत म्हणून पीठ येई, पण त्याचे करायचे काय, हे भात खाणाऱ्या निर्वासितांना कळेना. जॉन रोमानिएलो या अमेरिकी मिशनऱ्याने त्या पिठाच्या यंत्रावर नूडल्स करून वाटल्या. लोक त्याला ‘नूडल्सवाला पाद्री’ म्हणत.

स्वस्ताईचा धागा मला इथे सापडतो. ठेल्याला भाडे जवळपास नव्हते आणि हात घरचेच होते. पुढे नवे परवाने थांबले, जुन्यांचे हस्तांतर आवळले गेले, आणि १९८३पासून सरकार ते परत विकत घेऊ लागले. ठेलेवाले दुकानांत गेले आणि भाडे भरू लागले. बांबू हलवायला लागते तेवढी भिंतीलगतची मोकळी जागा जगातल्या सर्वांत महागड्या शहरांपैकी एकात राखायची, तर तिची किंमत नूडल्सनेच फेडायची. बहुतेकांनी म्हणून यंत्राच्या नूडल्स आणायला सुरुवात केली. वॉन्टनही बदलला. पूर्वी आत डुकराचे मांस जास्त आणि कोळंबी थोडी असे, पारीची शेपटी सोनमाशासारखी लोंबे, आणि तो एका घासात संपे. आता तो कोळंबीने ठासून भरलेला गोळा असतो. पोटाला आधार, डोळ्यांना सुख, पण त्यापुढे नूडल्स बिचाऱ्या दुय्यम ठरतात.

माझा कौल विचाराल तर तो वेलिंग्टन स्ट्रीटवरच्या दोघांनाही नाही. शेक किप मेच्या शेजारच्या शाम शुई पो या कष्टकऱ्यांच्या वस्तीत ‘लाव सुम की’ आहे. तिथे नूडल्स अजून बांबूवरच्या आहेत, आणि दर वस्तीला परवडणारे. मेजावर लाल व्हिनेगर ठेवलेले असते. अर्धा वाडगा संपल्यावर थोडे घालायचे. शेजारी अनोळखी माणूस बसतो, कोणी कोणाशी बोलत नाही. दहा मिनिटांत उठावे लागते, कारण मागे माणसे उभी असतात.