ब्रिंदिसीची वाट

चिकोडीहून समुद्र दिसत नाही. पश्चिमेस सह्याद्रीची भिंत आडवी उभी, आणि तिच्यापलीकडे घाट उतरून वेंगुर्ल्याचे बंदर. आगगाडी येण्यापूर्वी बेळगावकडील कापूस व धान्य याच बंदराने मुंबईस जाई आणि तिकडचा माल घाट चढून वर येई. या मुलखातील माणसाचा समुद्राशी जो काही संबंध येई तो बैलाच्या पाठीवरून आणि गाडीच्या चाकावरून. पुढे लोहमार्ग झाला, तेव्हा त्यावरील 'चिकोडी रोड' हे स्टेशनही गावापासून बरेच दूर राहिले. तथापि याच टापूशी निगडित असलेल्या एका राजघराण्यातील तरुणाने इ. स. १८७० मध्ये युरोपची यात्रा आखली, आणि त्या यात्रेचा शेवटचा टप्पा इटलीच्या पार टोकाला, ब्रिंदिसी नावाच्या बंदराकडे जाणारा होता. तो तरुण म्हणजे कोल्हापूरचे छत्रपती राजाराम महाराज.

निगडित म्हणण्याचे कारण असे की, चिकोडी आणि मनोळी हे दोन परगणे अनेक वर्षे कोल्हापूरकर, पटवर्धन आणि निपाणीकर यांच्या ओढाताणीत सापडले होते. पेशवाईच्या अखेरीस इंग्रजांनी ते कोल्हापूरकरांना दिले आणि १८२९ च्या तहाने परत काढून घेतले. राज्य गेले, पण पेठ, सोयरिक आणि देवदर्शन यांची वाट कोल्हापूरकडेच राहिली.

युरोपचा प्रवास आखणे म्हणजे त्या काळी आधी एका प्रश्नाचे उत्तर ठरविणे होय: भूमध्यसमुद्राच्या काठी कोणते बंदर धरावयाचे? मुंबईहून निघालेला प्रवासी तांबड्या समुद्रातून सुवेझला पोचला आणि मिसर देश ओलांडून अलेक्झांड्रियास आला, की त्याच्यापुढे युरोपचा सारा किनारा पसरलेला असे. डावीकडे दूरवर मार्सेलिस, मग जिनोव्हा आणि नेपल्स. इटलीच्या बुटाच्या टाचेवर ब्रिंदिसी. आणि एड्रियाटिक समुद्रात वर वर गेल्यास व्हेनिस व त्रिएस्त. यांतील बहुतेक बंदरांना दोन हजार वर्षांचा इतिहास. पण प्रवाशाच्या लेखी महत्त्व असे ते त्या बंदरातून पुढे जाणाऱ्या रस्त्याला. या बंदरांत टपालासाठी मोठी चुरस चाले. १८४५ साली थॉमस वॅगहॉर्न या खटपट्या इंग्रजाने हिंदुस्थानचे टपाल नेहमीच्या मार्सेलिसऐवजी त्रिएस्तच्या बाजूने नेऊन ते लंडनला आधी पोचवून दाखविले होते. ब्रिंदिसीचे भाग्य त्यानंतर उजळले. १८६५ मध्ये तेथे लोहमार्ग आला, आणि अलेक्झांड्रियाहून येणारी आगबोट जेथे सर्वांत लवकर युरोपच्या आगगाडीला भेटते असे ठिकाण म्हणून या जुन्या रोमन गावाचे नाव टपाल खात्याच्या तोंडी झाले. रोमहून निघणारा प्राचीन आप्पियन मार्ग याच बंदरात संपतो, आणि ग्रीसहून परतलेला महाकवी व्हर्जिल इ. स. पूर्व १९ मध्ये याच गावी निवर्तला.

कोल्हापूर आणि तो किनारा यांची ओळख मात्र आगबोटीहून पुष्कळ जुनी आहे. पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरीच्या टेकाडात १९४४-४६ च्या सुमारास जे अवशेष हाती आले, त्यांत पोसायडन या समुद्रदेवतेची रोमन घडणीची एक लहान ब्राँझ मूर्ती होती. समुद्रापासून इतक्या आत, ऊस आणि भात पिकणाऱ्या प्रदेशात, परक्या समुद्राचा देव अठराशे वर्षे मातीखाली पडून होता. तो कोणी आणला आणि कशासाठी, हे मूर्ती सांगत नाही.

राजाराम महाराजांचा जन्म १८५० चा. मूळचे ते नागोजीराव पाटणकर. १८६६ मध्ये शिवाजी महाराज ऊर्फ बाबासाहेब यांच्यानंतर दत्तक म्हणून गादीवर आले. इंग्रजी शिक्षण झालेले, वाचनाची आवड असलेले आणि वयाच्या विशीत समुद्र ओलांडावयास निघालेले हे छत्रपती. विलायतेस गेलेल्या पहिल्या हिंदी राजांत त्यांची गणना होते. समुद्रगमन हा त्या काळी धर्मशास्त्राचा प्रश्न होता. दहा-वीस माणसांचा लवाजमा, स्वयंपाकाची स्वतंत्र व्यवस्था, अन्नपाण्याचा विटाळ होऊ नये म्हणून घ्यावयाची खबरदारी, या साऱ्याचा मेळ बोटीच्या आणि आगगाडीच्या वेळापत्रकाशी घालावयाचा, ही खरी आखणी. कॅप्टन एडवर्ड वेस्ट हा इंग्रज अधिकारी सोबत होता. महाराज इंग्रजीत रोजनिशी लिहीत. वेस्टने ती पुढे १८७२ मध्ये लंडनला प्रसिद्ध केली. राणी व्हिक्टोरियाची भेट, सभा-समारंभ, कारखाने, शाळा हे सारे तीत आहे. रोजनिशी वाचताना जाणवते ते हे की, लिहिणारा मनुष्य डोळे दिपवून घ्यावयास गेलेला नव्हता, पाहावयास गेला होता.

ते इंग्लंडात असतानाच १९ जुलै १८७० रोजी फ्रान्सने प्रशियाविरुद्ध युद्ध पुकारले. सप्टेंबरात सेदानला फ्रेंच बादशहा शरण गेला आणि त्याच महिन्यात पॅरिसला वेढा पडला. लंडनहून परतणाऱ्या प्रवाशाची सरळ वाट फ्रान्समधून जाई. ती बंद झाली. आल्प्स पर्वताच्या पोटातून जाणारा मों सेनीचा बोगदाही अद्याप खुला झाला नव्हता. तो १८७१ चा. अशा वेळी इंग्रजी टपालखात्याने जी तोड काढली, तीच महाराजांच्या मंडळींनाही धरावी लागली: बेल्जियम, जर्मनी, तेथून टायरॉलच्या डोंगरात शिरून ब्रेनरची खिंड ओलांडावयाची आणि इटलीत उतरावयाचे. ब्रेनरचा लोहमार्ग १८६७ मध्ये, म्हणजे अवघ्या तीन वर्षांपूर्वी झाला होता. नकाशावर ही वाट सुटसुटीत दिसते. पण नोव्हेंबर महिना, बर्फाचा प्रदेश, आणि पंचगंगेच्या काठी वाढलेली माणसे. वाटेतच महाराजांची प्रकृती ढासळली. फ्लॉरेन्सला पोचेपर्यंत दुखणे हाताबाहेर गेले आणि ३० नोव्हेंबर १८७० रोजी, वयाच्या विसाव्या वर्षी, त्यांचा तेथे अंत झाला. ब्रिंदिसी अद्याप शेकडो मैल दूर होते.

फ्लॉरेन्स ही त्या वेळी इटलीच्या राज्याची राजधानी होती. परक्या राजधानीत, परधर्मीयांच्या गावात, छत्रपतींचे दहन कसे करावयाचे, हा प्रश्न लवाजम्यापुढे उभा राहिला. ख्रिस्ती रीतीत प्रेत जाळणे नव्हतेच. इटलीतील पहिले आधुनिक दहन मिलान शहरी १८७६ मध्ये झाले, तेही मोठ्या वादानंतर. त्याच प्रांताच्या किनाऱ्यावर, व्हियारेज्जोजवळच्या वाळूत, १८२२ मध्ये समुद्रात बुडालेल्या कवी शेलीचे शव जाळण्यात आले होते. पण ते रोगराईच्या भीतीने केलेल्या कायद्यामुळे, रूढी म्हणून नव्हे. ब्रिटिश वकिलातीमार्फत खटपट झाली आणि नगरपालिकेची परवानगी मिळाली. गावाबाहेर काशिने नावाचे मोठे उपवन आहे. त्याच्या टोकाला मुन्योने हा लहानसा ओढा आर्नो नदीला मिळतो. मंडळींनी जागा निवडली ती हीच, दोन पाण्यांची. ज्यांनी भोजजवळ वेदगंगा दूधगंगेला मिळताना पाहिली आहे, आणि पुढे तीच दूधगंगा चिकोडी तालुक्यात कृष्णेच्या पोटात शिरताना पाहिली आहे, त्यांना या निवडीचे स्पष्टीकरण देण्याची आवश्यकता नाही. रात्रीच्या काळोखात चिता पेटली. थंडीत कुडकुडत फ्लॉरेन्सचे लोक हा अपूर्व विधी पाहावयास जमले होते.

त्यानंतर त्या किनाऱ्याची बंदरे चढली आणि पडली. १८९० पासून लंडनहून ब्रिंदिसीला जाणारी खास गाडी हिंदुस्थानचे टपाल नेऊ लागली. १९१४ च्या महायुद्धात ती बंद पडली आणि गावाचे ते वैभव पुन्हा आले नाही. १९१० च्या ८ जुलैस मार्सेलिसच्या धक्क्याजवळ सावरकरांनी बोटीतून समुद्रात उडी घेतली, तेव्हा ते बंदर मराठी घराघरात पोचले. पहिल्या महायुद्धानंतर ऑस्ट्रियाचे त्रिएस्त इटलीकडे आले, आणि मुंबईच्या प्रवाशांची एक मोठी रांग इटालियन बोटींकडे वळली. १९२५ मध्ये निपाणीच्या परिषदेत बोलून गेलेले डॉ. आंबेडकर १९३२ च्या मे महिन्यात 'कोंते रोसो' या इटालियन बोटीनेच युरोपला गेले. त्याच्या आदल्या वर्षी, डिसेंबर १९३१ मध्ये, गोलमेज परिषदेहून रिकाम्या हाताने परतणारे गांधीजी बोटीवर चढले ते ब्रिंदिसीला. राजाराम महाराजांच्या वाटेचे अखेरचे ठिकाण असे दुसऱ्याच एका हिंदी प्रवाशाच्या नावाने इतिहासात नोंदले गेले.

फ्लॉरेन्सच्या त्या संगमावर १८७४ मध्ये महाराजांचे स्मारक झाले. आत फुलर या शिल्पकाराने घडविलेला रंगीत अर्धपुतळा, वर हिंदी धाटणीची छत्री, आणि चबुतऱ्यावर वेगवेगळ्या भाषांतील लेख. छत्री आखणारा चार्ल्स मँट हाच पुढे कोल्हापूरच्या नव्या राजवाड्याचा आराखडा करणारा स्थापत्यकार होय. त्यामुळे राजवाडा पाहून गेलेल्या मराठी माणसाला आर्नोकाठी अकस्मात ओळखीचे काही दिसल्यासारखे वाटले, तर तो भास नव्हे. फ्लॉरेन्सच्या लोकांना मात्र कोल्हापूर, गादी, दत्तक यांतले काहीच उच्चारता येईना. त्यांनी स्मारकाला 'हिंदी माणूस' एवढेच म्हटले. १९७८ मध्ये तेथे आर्नोवर तिरप्या तारांनी तोललेला मोठा पूल झाला, त्याचे नावही 'पोंते आल्लिंदियानो', म्हणजे हिंदी माणसाच्या बाजूचा पूल, असे पडले. तो ओलांडून दक्षिणेस उतरले की पिसा आणि लिव्होर्नोच्या बंदराकडे, समुद्राकडे जाणारा रस्ता लागतो.