घरोघरच्या शुश्रूषेचें शिक्षण

रुग्णालयांत तयार झालेली परिचारिका गरिबांच्या घरीं पाठविली, म्हणजे तेथील काम तिला आपोआप साधेल, ही समजूत वरवर पाहतां बिनतोड वाटते. ती किती अपुरी आहे, हें इंग्लंडांतील लिव्हरपूल शहरानें १८५९ सालीं अनुभवलें.

विल्यम रॅथबोन हा तेथील सधन व्यापारी. त्या वर्षीं त्याची पत्नी निवर्तली. तिच्या अखेरच्या दुखण्यांत मेरी रॉबिन्सन या परिचारिकेनें तिची शुश्रूषा केली होती. श्रीमंताच्या घरासही जिचा एवढा आधार वाटला, तिची गरज निर्धनांना किती असेल, या विचारानें रॅथबोननें तिला तीन महिन्यांकरितां स्वखर्चानें गरीब वस्तींत नेमलें. महिनाभरांतच ती रडत परत आली. तेथील दैन्य तिला पाहवेना. या कामांतून मुक्त करावें, अशी तिनें विनंति केली. रॅथबोननें धीर दिला, म्हणून ती पुन्हां गेली; आणि मुदत संपली तेव्हां बरे झालेले रोगी व सांवरलेले संसार पाहून तिनें तेंच काम पुढें चालविण्याचें ठरविलें.

बाईंचें कौशल्य उणें नव्हतें. परंतु रुग्णालयांत स्वच्छ बिछाना, पाणी आणि हाकेच्या अंतरावर डॉक्टर असतो. दरिद्री घरांत हें सारें परिचारिकेलाच उभें करावें लागतें, आणि तेंही एकटीनें.

अशा आणखी परिचारिका मिळेनात, तेव्हां रॅथबोननें फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांचा सल्ला घेतला. त्या लिव्हरपूलमध्येंच तयार कराव्या, असें त्यांनीं सुचविलें. त्याप्रमाणें तेथील रॉयल इन्फर्मरीला जोडून शाळा निघाली. शहराचे अठरा विभाग पाडण्यांत आले, आणि परिचारिकांच्या पाठीशीं देखरेख करणाऱ्या स्त्रिया नेमण्यांत आल्या.

लंडनमध्यें १८७४ सालीं स्थापन झालेल्या संस्थेंत फ्लॉरेन्स लीस यांनीं पुढचें पाऊल टाकलें. रुग्णालयांतील शिक्षणानंतर वस्तींतील शिक्षण त्यांनीं निराळें ठेविलें. विद्यार्थिनींनीं ब्लूम्सबरी स्क्वेअर येथील निवासांत एकत्र राहावें व अनुभवी अधीक्षिकेच्या नजरेखालीं काम शिकावें, अशी ही योजना होती. दिवसभर दुसऱ्यांचीं घरें सांवरणाऱ्या परिचारिकेला स्वतःचें खरेंखुरें घर हवें, असा आग्रह नाइटिंगेल यांनीं १८७६ सालीं ‘टाइम्स’ पत्रांतून जाहीरपणें मांडला. १८८७ सालीं व्हिक्टोरिया राणीच्या सुवर्णमहोत्सवाच्या निधींतून सुमारें सत्तर हजार पौंड या कार्याला मिळाले. त्यांतून उभ्या राहिलेल्या संस्थेनें वस्तींतील सहा महिन्यांचें शिक्षण आवश्यक ठरविलें.

आज महाराष्ट्रांतही परिचर्येच्या विद्यार्थिनी शिक्षणाचा भाग म्हणून खेड्यापाड्यांत व शहरांतील वस्त्यांत जातात. जखम कशी बांधावी, हें त्या वर्गांत शिकलेल्या असतात. चूल विझलेल्या घरांत काय करावें, हें मात्र कोणी तरी सोबत जाऊन दाखवावें लागतें. आणि संध्याकाळीं परतल्यावर त्यांचें ऐकून घेणारेंही कोणी असावें लागतें. रॉबिन्सनबाईंना त्या पहिल्या महिन्यांत नेमकें हेंच मिळालें नव्हतें.