गुडघ्याचे बंध

अहिल्यानगर जिल्ह्यांत गांवच्या यात्रेला कुस्त्यांच्या हगाम्यावांचून शोभा येत नाहीं. डाव रंगांत येतो, आणि एखाद्या मल्लाचा पाय मातींत रोवलेला राहून धड मात्र फिरतें. गुडघ्यांत ‘कट्’ असा आवाज होतो व कांहीं तासांत सांधा सुजतो. तीन-चार आठवड्यांनीं सूज ओसरते, मल्ल चालूं लागतो आणि बरें वाटलें म्हणून पुन्हां आखाड्यांत उतरतो. घात होतो तो येथेंच. मोडलेलें हाड कोणाच्याहि ध्यानांत येतें. तुटलेला अस्थिबंध, ज्याला दवाखान्यांत लिगामेंट म्हणतात, तो वरून दिसत नाहीं.

या बंधांचें महत्त्व आपल्याकडे फार पूर्वीं ओळखलें गेलें होतें. सुश्रुतसंहितेंत त्यांना ‘स्नायु’ असें नांव आहे. आजच्या बोलींतील मांसल स्नायु तो नव्हे. फळ्या दोरांनीं आवळल्या म्हणजे नौका भार पेलते, तसें शरीर या स्नायूंनीं बांधलेलें आहे, ही उपमा तेथलीच. हाडापेक्षां स्नायूची इजा अधिक घातक, आणि जानु हें मर्म दुखावल्यास लंगडेपणा येतो, असेंहि त्या ग्रंथाचें सांगणें आहे.

तुटलेला बंध दुरुस्त करण्याचा प्रयत्न मात्र बराच उशिरां झाला. इंग्लंडांतील लीड्स येथें १८९५ सालीं मेयो रॉबसन यांनीं एका खाणकामगाराच्या गुडघ्यांतील तुटलेले बंध टाके घालून जोडले. पुढें १९१७ सालीं हे ग्रोव्ह्ज यांनीं मांडीच्या बाजूच्या चिवट आवरणाची पट्टी गुडघ्यांत ओवून नवाच बंध उभा केला. जुनें सांधण्याऐवजीं नवें बसवावें, ही कल्पना पुढें रुजली.

असें कां करावें लागलें? गुडघ्याच्या आंतल्या बाजूचा बंध सांध्याच्या पोकळीबाहेर असतो. तो फाटला तर तेथें रक्त गोठतें, त्या गोठ्यांत नवे तंतु विणले जातात, आणि आधाराची पट्टी व व्यायाम यांवर तो बहुधा शस्त्रक्रियेवांचून सांधतो. मध्यभागीं फुलीसारखे दोन बंध आहेत. त्यांतील पुढचा सांध्याच्या पोकळींत असतो. तेथील द्रवांत रक्ताचा गोठा टिकत नाहीं, म्हणून तुटलेलीं टोकें सहसा जुळत नाहींत. त्याच्या जागीं रोग्याचाच कंडरा बसवितात. तोहि लगेच बळकट होत नाहीं. आधीं अशक्त होतो, मग त्यांत रक्तवाहिन्या शिरतात. म्हणून निदान नऊ महिने खेळ वर्ज्य मानतात.

प्रत्येकाला शस्त्रक्रिया लागतेच असेंहि नाहीं. स्वीडनमध्यें १२१ तरुणांवर झालेल्या व २०१० सालीं प्रसिद्ध झालेल्या अभ्यासांत दोन गट केले होते. एकाला लगेच शस्त्रक्रिया, तर दुसऱ्याला आधीं व्यायाम व गरज पडली तरच शस्त्रक्रिया. दोन वर्षांनीं दोन्ही गटांची प्रकृति सारखीच आढळली. दुसऱ्या गटांतील निम्म्याहून अधिकांना तोंवर शस्त्रक्रिया लागली नव्हती.

गुडघा काय हिरावून घेऊं शकतो, हें महाराष्ट्रानें पाहिलें आहे. गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनीं १९५२ सालीं हेलसिंकी येथें कांस्यपदक मिळविलें. पुढच्या ऑलिंपिकपूर्वीं गुडघा जबर दुखावला आणि त्यांची कुस्ती थांबली. आज उपाय पुष्कळ आहेत. परंतु सूज ओसरली म्हणजे बंध सांधला असें नव्हे, एवढें आखाड्यांतील प्रत्येक पोराला आणि त्याच्या घरच्यांना ठाऊक असलें पाहिजे.