कानातला स्वर आणि दिल्लीचे आकाश

19 नोव्हेंबर 1982 रोजी दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू स्टेडियमवर नवव्या आशियाई क्रीडास्पर्धांचे उद्घाटन झाले. स्वागतगीताला संगीत पंडित रविशंकर यांचे होते. एवढ्या मोठ्या मैदानात गाणाऱ्याची अडचण भौतिकशास्त्राची असते. हवेत ध्वनी सेकंदाला सुमारे 343 मीटर जातो. शंभर मीटरवरच्या कर्ण्यातून निघालेला आवाज गायकाच्या कानी यायला 0.29 सेकंद लागतात. मिनिटाला 240 मात्रांच्या द्रुत लयीत एक मात्रा 0.25 सेकंदाची. मैदानातून परतणाऱ्या आवाजावर जो विसंबेल, तो मात्राभर मागे पडेल आणि तेही नकळत.

बैठकीत हा प्रश्न नव्हता. तानपुरा पाठीशी आणि तबला हाताच्या अंतरावर, त्यामुळे स्वर आणि लय दोन्ही थेट कानात. दिल्लीच्या कमानी सभागृहासारख्या बंदिस्त जागेतही (उद्घाटन 1971) तो आवाक्यातला असतो. मैदानी रंगमंचावर मात्र गायकाकडे तोंड करून तिरके ठेवलेले स्पीकर, म्हणजेच मॉनिटर, अपरिहार्य ठरले. 30 सप्टेंबर 1988 रोजी याच स्टेडियमवर अ‍ॅम्नेस्टीच्या जगदौऱ्यातील मैफल झाली. ब्रूस स्प्रिंगस्टीन, स्टिंग, पीटर गॅब्रिएल, ट्रेसी चॅपमन गायले. तो काळ अशा मॉनिटरांचा होता. प्रत्येकाला आपला आवाज इतरांपेक्षा मोठा हवा, मग रंगमंचच कर्कश होई, मायक्रोफोन शिट्टी वाजवू लागे, आणि वर्षानुवर्षांनी वादकांची श्रवणशक्ती मंदावे.

त्याच दशकात स्टीव्ही वंडर यांचे ध्वनितंत्रज्ञ ख्रिस लिंडॉप यांनी मिश्रण रेडिओलहरींवरून थेट कलावंताच्या कानात पोहोचवण्याचा मार्ग रुळवला. 1995 मध्ये जेरी हार्वी यांनी ड्रमवादक अ‍ॅलेक्स व्हॅन हेलन यांच्यासाठी कानाच्या साच्यात बसणारी साधने घडवली. कान बंद झाल्याने बाहेरचा कोलाहल घटला आणि आतला आवाज हळू ठेवता येऊ लागला.

यापुढचा इतिहास मोठा विलक्षण आहे. मिक्सर डिजिटल झाले, मायक्रोफोनही झाले. कानातली वायरलेस साधने मात्र दीर्घकाळ जुन्या एफएम पद्धतीलाच चिकटून राहिली. हा सनातनीपणा नव्हता. गायकाला स्वतःचा आवाज कवटीच्या हाडांतून तत्क्षणी ऐकू येतो. तोच आवाज साधनातून एक मिलिसेकंद उशिरा आला, तर 500 हर्ट्झच्या आसपास दोन्ही लहरी एकमेकींना खोडतात आणि गळा पोकळ वाटू लागतो. दोन मिलिसेकंद उशीर झाला, तर हीच खोड 250 आणि 750 हर्ट्झवर पडते. आवाजाचे अंकांत रूपांतर, संक्षेप, प्रक्षेपण, पुन्हा ध्वनीत रूपांतर: प्रत्येक पायरी वेळ खाते. खिशातल्या साध्या ब्लूटूथ इअरबडचा उशीर सहज शंभर मिलिसेकंदांवर जातो. चित्रपट पाहताना फोन ओठांची हालचाल त्याच्याशी जुळवून घेतो. गाणाऱ्या माणसाला अशी सोय नाही. एफएममध्ये हा उशीर जवळजवळ शून्य असतो. म्हणून कान सर्वांत शेवटी डिजिटल झाले.

मग ते झाले तरी का? कारण आकाशात जागा उरेना. एफएममध्ये प्रत्येक वादकाच्या मिश्रणाला वेगळी वारंवारता लागते. शिवाय दोन प्रक्षेपक शेजारी चालले की नको असलेल्या लहरी जन्मतात: 500 आणि 500.4 मेगाहर्ट्झमधून 499.6 आणि 500.8. वादक वाढतात तशी ही बाधित वारंवारतांची यादी त्याहून झपाट्याने वाढते.

इथे दिल्लीचा दुसरा संबंध येतो. देशातील रेडिओ वारंवारतांचे वाटप 1952 मध्ये स्थापन झालेला दूरसंचार खात्याचा वायरलेस नियोजन व समन्वय विभाग दिल्लीतून करतो. (दिल्ली, नोएडा आणि गुरुग्राम यांची सरकारे वेगळी असली, तरी लहरींना राज्यांच्या सीमा कळत नाहीत.) 2022 च्या लिलावात 700 मेगाहर्ट्झचा पट्टा रिलायन्स जिओने घेतला. टीव्हीसाठी आणि वायरलेस मायक्रोफोनसाठी जगभर वापरल्या गेलेल्या मुलखाचा वरचा भाग असा मोबाइलकडे गेला.

उत्तर निघाले ते रुंद पट्ट्याच्या डिजिटल पद्धतीतून. अनेक अरुंद वाहिन्यांऐवजी एकच रुंद लहर घ्यायची आणि तिच्यातला काळ साऱ्या वादकांत सूक्ष्म तुकड्यांनी वाटायचा. प्रक्षेपक एकच असल्याने वादकांच्या मिश्रणांची आपसांतली ती बाधा उरत नाही. वेळ किती बारीक चिरायचा, हा मात्र तोलामोलाचा सौदा राहतो: उशीर कमी हवा तर वादकांची संख्या किंवा ध्वनीची प्रत कमी करावी लागते. अमेरिकेने फेब्रुवारी 2024 मध्ये या पद्धतीला परवानगी दिली आणि त्याच वर्षी झेनहायझरने ‘स्पेक्टेरा’ ही प्रणाली जाहीर केली. तिच्यात मायक्रोफोनचा आवाज आणि कानातले मिश्रण एकाच वाहिनीवरून ये-जा करतात.

अशा लहरीला टीव्हीच्या एका अख्ख्या वाहिनीएवढी सलग, मोकळी जागा लागते. भारतात ती 8 मेगाहर्ट्झची. दूरदर्शनची बहुतेक अ‍ॅनालॉग प्रक्षेपण केंद्रे बंद झाल्याने तशी जागा रिकामी होत गेली आहे. मात्र 2022 च्या त्याच लिलावात 600 मेगाहर्ट्झचा पट्टाही प्रथमच मांडला गेला होता. तेव्हा त्यावर कोणीही बोली लावली नाही.