तळटीप : जोडेघाट

जोडेघाट : निजामी मुलखातील तत्कालीन आदिलाबाद जिल्ह्याचे गोंड खेडे. जंगल खात्याच्या जाचाने त्रस्त झालेल्या गावांना जल, जंगल आणि जमीन यांवरील हक्कासाठी कुमराम भीम यांनी संघटित केले असता सरकारने गाऱ्हाण्याची दाद न घेता सशस्त्र पोलीस धाडले, आणि १९४० साली भीम गोळीबारात पडले. पुढे त्याच सरकारने मानववंशशास्त्रज्ञ हायमेनडॉर्फ यांस पाचारण केले. त्यांच्या प्रयत्नांनी मार्लवाई येथे गोंड शिक्षकांचे प्रशिक्षण केंद्र निघाले, गोंडी क्रमिक पुस्तके (तीही देवनागरीत) सिद्ध झाली व जमिनीचे पट्टे मिळू लागले. शिबंदीऐवजी शाळेवर खजिना रिता व्हावयास आधी बळी पडावे लागले, हे दरबारास भूषणावह नव्हे. दोन्ही गावे २०१६ पासून कुमरम भीम आसिफाबाद जिल्ह्यात मोडतात. — संपादक