आधी पडदा, मग पलंग

विमानातला बिझनेस क्लास ऐषारामापोटी जन्माला आला, असं आपण सहज धरून चालतो. आजचं त्याचं रूपही तसंच आहे: आडवी होणारी खुर्ची, गादी-रजई, काचेच्या ग्लासात पेय आणि उड्डाणाआधी लाउंजमध्ये जेवण. पण त्याचं कुळ शोधत मागे गेलं, की मूळ पुरुष भेटतो तो इकॉनॉमीत बसलेला, पूर्ण भाडं भरून वैतागलेला एक प्रवासी.

दुसऱ्या महायुद्धानंतर आंतरराष्ट्रीय भाडी ‘आयाटा’ या विमान कंपन्यांच्या संघटनेत ठरत. अटलांटिकवर 1952 मध्ये टुरिस्ट क्लास आला आणि 1958 मध्ये इकॉनॉमी. दर सगळ्यांचे सारखेच, त्यामुळे चढाओढ उरली ती ताटात. इकॉनॉमीत साधं सँडविचच द्यायचं, असा नियम झाला. स्कँडिनेव्हियाच्या एसएएसने पावाच्या कापावर मांस, मासे, चीज असा ऐवज रचला की त्याचं जेवणच झालं. पॅन अ‍ॅमने तक्रार केली आणि एसएएसला दंड भरावा लागला. सँडविच किती भरगच्च असावं, यावर कंपन्या भांडत होत्या.

1970च्या दशकात हे गणित फिसकटलं. जंबो विमानं आली, खुर्च्या वाढल्या आणि त्या भरायला सवलतीची तिकिटं निघाली. सप्टेंबर 1977 मध्ये फ्रेडी लेकर या ब्रिटिश विमान-व्यावसायिकाने लंडन ते न्यूयॉर्क अवघ्या 59 पौंडांत न्यायला सुरुवात केली. स्वस्त तिकिटाला अटी असत: आधी काढा, इतके दिवस राहा, तारीख बदलू नका. कामासाठी फिरणाऱ्याला या अटी पाळता येत नाहीत. त्याला सोमवारी कळतं की मंगळवारी निघायचं आहे. म्हणून तो पूर्ण भाडं भरायचा आणि त्याच्या कितीतरी कमी पैशांत सहलीला निघालेल्या कुटुंबाशेजारी, त्याच खुर्चीत, तेच जेवण जेवत बसायचा.

यावर केएलएमने 1976 मध्ये तोड काढली. पूर्ण भाडं भरणाऱ्यांना इकॉनॉमीच्या पुढच्या भागात, फर्स्ट क्लासच्या लगेच मागे बसवायचं. ब्रिटिश एअरवेज आणि पॅन अ‍ॅम 1978 मध्ये त्याच वाटेने गेल्या. तेव्हाच्या या नव्या वर्गात खुर्च्या बहुतेक इकॉनॉमीच्याच होत्या. मध्ये पडदा होता, पेय फुकट होतं आणि जमलं तर शेजारची खुर्ची रिकामी. मुंबईच्या लोकलच्या फर्स्ट क्लासचा पासधारक हा व्यवहार चटकन ओळखेल. गाडी तीच, वेळ तीच. पैसे मोजायचे ते पलीकडच्या गर्दीत नसण्याचे. या वर्गासाठी वेगळी, रुंद खुर्ची आणि स्वतंत्र दालन देऊन ‘बिझनेस क्लास’ म्हणून विकण्याचा पहिला मान ऑस्ट्रेलियाची क्वांटास स्वतःकडे घेते. साल 1979.

आशियात या कल्पनेला निराळं पाणी मिळालं. 1972 मध्ये स्वतंत्र झालेली सिंगापूर एअरलाइन्स तेव्हा आयाटाची सदस्य नव्हती, म्हणजे सँडविचचा कायदा तिला लागू नव्हता. तिने इकॉनॉमीतच फुकट पेयं, फुकट हेडफोन आणि जेवणात निवड देऊ केली. मागच्यांनाच एवढं मिळू लागल्यावर पुढच्यांसाठी नुसत्या पडद्यावर भागणार कसं? सिंगापूरने पुढच्या वर्गाला ‘रॅफल्स’ नाव दिलं, हाँगकाँगच्या कॅथे पॅसिफिकने ‘मार्को पोलो’. फिलिपाइन एअरलाइन्सने 1980च्या सुमारास जंबोच्या माडीवर चक्क झोपायचे बंक बसवले.

बिझनेस क्लासमध्ये पूर्ण सपाट पलंग आणला तो ब्रिटिश एअरवेजने, 2000 मध्ये. मग सिंगापूरने 2006 मध्ये 30 इंच रुंदीची खुर्ची काढली. ती मागे रेलून सपाट होत नसे. झोपायचं तर उठून उभं राहायचं, पाठ पुढे पाडायची, की तिच्या मागच्या बाजूला अंथरूण तयार. मध्यरात्री बोळात ताटकळणारे प्रवासी आणि खुर्च्या उलटवणारे कर्मचारी हे त्या विमानांतलं नेहमीचं दृश्य होतं. जपानच्या एएनएने 2019 मध्ये ‘द रूम’ नावाची जागा आणली, तिला सरकतं दार आहे. सामायिक पडदा गेला आणि ज्याचं त्याला दार आलं.

लाउंजचा वंश याहून जुना. अमेरिकन एअरलाइन्सचे सी. आर. स्मिथ यांनी 1939 मध्ये न्यूयॉर्कच्या लाग्वार्डिया विमानतळावर ‘अ‍ॅडमिरल्स क्लब’ उघडला. तिकीट कितीही महाग असो, आत जायला कंपनीचं आमंत्रण लागे. पुढे जंबो आल्यावर लाउंज विमानातच चढला. तेव्हा मुंबईहून कारभार चालवणाऱ्या एअर इंडियाचं पहिलं जंबो, ‘एम्परर अशोक’, 1971 मध्ये आलं. बाहेरून प्रत्येक खिडकीभोवती झरोक्याची लाल महिरप रंगवलेली आणि वरच्या मजल्यावर फर्स्ट क्लासच्या पाहुण्यांसाठी बैठक. पण माडीवरच्या सोफ्याचं तिकीट निघत नाही, खुर्चीचं निघतं, हे सगळ्याच कंपन्यांनी लवकर ओळखलं. गप्पांची बैठक पुन्हा जमिनीवर उतरली.

जमिनीवर तिला पूर्व आशियाने आपली चव दिली. हाँगकाँगचा चेक लॅप कॉक विमानतळ जुलै 1998 मध्ये सुरू झाला, तेव्हा कॅथेने तिथल्या लाउंजसाठी जॉन पॉसन या वास्तुकाराला बोलावलं. कॅथेचे पारखी प्रवासी मात्र सांगतात ते नूडल बारबद्दल. काउंटरवर मागणी नोंदवायची आणि थोड्या वेळाने वाफाळता वाडगा घ्यायचा: कोळंबीचे वाँटन पोहणारा रस्सा, नाहीतर तीळ-शेंगदाण्याच्या दाट सारात बुडालेल्या, मिरचीच्या तेलाने लालभडक दानदान नूडल्स. टोकियोत जपान एअरलाइन्सच्या लाउंजमध्ये बीफ करी-भाताचा पंथ आहे. भात आपला आपण वाढून घ्यायचा, वर करी, कडेला लोणचं. गल्लीतल्या खानावळीचे पदार्थच या श्रीमंत दालनांची ओळख ठरले.

त्याच 1998 मध्ये हाँगकाँगातच महागड्या तिकिटाची अट मोडली. साँग होई-सी हे मलेशियाचे गुंतवणूक बँकर. नोकरी सोडून स्वतःच्या धंद्यासाठी फिरू लागले, तसा प्रवास इकॉनॉमीत आला आणि लाउंजचं दार बंद झालं. त्यांनी ‘प्लाझा प्रीमियम’ काढली: कुठल्याही कंपनीचं, कुठल्याही वर्गाचं तिकीट असो, पैसे भरा आणि आत या. हाँगकाँग आणि क्वालालंपूर या दोन नव्याकोऱ्या विमानतळांवर हे लाउंज सुरू झाले.

भारतात ही किल्ली बँकांच्या हाती गेली. बोर्डिंग पास आणि कार्ड पुढे करायचं, 2 रुपये कापल्याचा मेसेज येतो आणि माणूस उपमा-इडलीच्या बुफेपुढे उभा राहतो. मग व्हायचं तेच झालं. दाराशी रांगा लागल्या, आत बसायला जागा मिळेना आणि 2024च्या सुमारास अनेक बँकांनी अटी घातल्या: मागच्या तिमाहीत इतका खर्च केला असेल तरच प्रवेश. बड्या विमान कंपन्यांनी तर लाउंजच्या आत आणखी एक राखीव लाउंज ठेवले आहेत.

सगळ्यांना एकाच वर्गात बसवून देशातली सर्वांत मोठी कंपनी झालेल्या इंडिगोलाही हा मोह टाळता आला नाही. 2006 पासून एकाच वर्गावर चाललेल्या या कंपनीने नोव्हेंबर 2024 मध्ये दिल्ली-मुंबई मार्गावर पुढच्या 12 रुंद खुर्च्या बिझनेस क्लास म्हणून विकायला काढल्या. त्यांत पलंग नाही. दोन तासांच्या प्रवासात पलंग कोणी मागतही नाही. तिथे विकलं जातं ते 1976 साली केएलएमने विकायला काढलेलं अंतरच.